आखाड्यापासून मिहानपर्यंत : विदर्भातील नियमित व्यायामाची परंपरा आणि रोगप्रतिबंधाचा प्रश्न

प्रस्तावना

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले, की विमानतळ मागे पडल्यावर खापरीच्या आसपास मिहान प्रकल्पाचा परिसर सुरू होतो. बहुआयामी आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ असे या प्रकल्पाचे स्वरूप असून त्याच्या उभारणीसाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन करण्यात आली. चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापणाऱ्या या प्रकल्पासाठी खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव, चिंचभुवन इत्यादी गावांतील जमिनी संपादित झाल्या. ज्या भूमीवर पूर्वी कापूस, तूर, ज्वारी आणि भाजीपाल्याची शेती होत असे, तेथे आज टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या वास्तू, विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आणि गोदामे उभी आहेत.

या स्थित्यंतराचा विचार आजवर मुख्यतः भूसंपादन, पुनर्वसन आणि रोजगार या अंगांनी झाला, आणि तो आवश्यकही होता. तथापि या भूमीवर आणखी एक बदल घडला आहे. वाकणे, उकरणे, डोक्यावरून वाहणे व चालणे हे जेथे कामाचे स्वरूप होते, तेथे आठ-नऊ तास खुर्चीत बसणे हे कामाचे स्वरूप झाले. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार या व्याधींच्या प्रतिबंधासाठी नियमित व्यायाम आवश्यक आहे, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. प्रश्न ‘व्यायाम’ या शब्दाचा नाही, ‘नियमित’ या विशेषणाचा आहे. मनुष्य एखादी श्रमाची गोष्ट वर्षानुवर्षे नित्यनेमाने कशामुळे करतो, याचे उत्तर शरीरशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते. विदर्भाला व्यायामसंस्थांचा मोठा इतिहास लाभलेला असल्याने हा शोध येथे घेणे विशेष उपयुक्त ठरेल. रोगप्रतिबंध हा या प्रांतातील व्यायाम चळवळीचा मुख्य हेतू जवळजवळ कधीच नव्हता. मात्र रोगप्रतिबंधास जे नियमितपण लागते, ते घडविण्याची रीत या चळवळीला साधली होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वैद्यकग्रंथांतील व्यायामविचार

व्यायामाने रोग टळतात ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाने शरीरास हलकेपणा येतो, कर्म करण्याचे सामर्थ्य व स्थैर्य वाढते, दोष क्षीण होतात आणि अग्नी प्रदीप्त होतो, असे सांगितले आहे. त्याचबरोबर अतिव्यायामाचे धोकेही तेथे नोंदविले आहेत. सुश्रुताने तर सर्व ऋतूंत, प्रतिदिवशी, आपल्या बलाच्या निम्म्याने व्यायाम करावा असा स्पष्ट निर्देश केला आहे. निम्मे बल ओळखावे कसे, तर श्वास तोंडावाटे होऊ लागला की थांबावे. आजचे डॉक्टर ‘चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये’ अशी जी साधी कसोटी सांगतात, तिच्याशी हे वर्णन किती जुळते हे पाहून कौतुक वाटते.

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताने केलेला एक भेद इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. वाढलेल्या प्रमेहात व्यायाम, कुस्ती, क्रीडा, हत्ती-घोड्यांवरील स्वारी असे उपाय सुचविले आहेत. निर्धन रुग्णाने मात्र पायताण व छत्री न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. एखाद्याने शेत नांगरावे, विहीर खणावी. म्हणजे ज्याला साधने आहेत त्याचा व्यायाम क्रीडेचा आणि ज्याला ती नाहीत त्याचा श्रमाचा. हा भेद पुढे दोन हजार वर्षे, निराळ्या वेषांत का होईना, टिकून राहिलेला दिसतो.

मात्र ग्रंथातील उपदेश आणि समाजातील आचार यांत अंतर असते. व्यायाम हा वैद्याच्या घरून निघून समाजाच्या अंगवळणी पडला असे झाले नाही. तो रुजला मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात.

आखाड्याची रीत

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात ठिकठिकाणी स्थापन केलेल्या मारुतींशी महाराष्ट्रातील बलोपासनेची परंपरा जोडली जाते. पेशवाईच्या अखेरच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे तंत्र घडविले व त्यांच्या शिष्यपरंपरेने ते मराठी मुलखाबाहेरही नेले. बडोद्यास जुम्मादादांच्या तालमीत तयार झालेल्या राजरत्न प्रो. माणिकरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. बडोद्यातूनच पुढे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाला. व्यायामासारख्या विषयावर मराठीत असा प्रचंड कोश व्हावा, यावरून त्या काळातील या विषयाची प्रतिष्ठा ध्यानात येते. आज आपल्या किती महाविद्यालयीन ग्रंथालयांत तो आहे, आणि असलाच तर त्याची पाने उलगडलेली आहेत काय, हा प्रश्न वेगळा.

विदर्भात या चळवळीचे केंद्र अमरावती येथे उभे राहिले. अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेला आखाडा हेच पुढे विख्यात झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होय. १९२४ पासून मंडळाने उन्हाळी सुट्टीत व्यायामशिक्षणाचे वर्ग चालविले आणि त्यांतून शिकून गेलेल्या तरुणांनी आपापल्या गावी व्यायामशाळा काढल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली. १९६७ मध्ये अमरावतीस शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. नागपुरातही मोहल्ल्यामोहल्ल्यांत आखाडे होते.

येथे थोडे थांबून आखाड्याची दिनचर्या पाहणे आवश्यक आहे, कारण प्रस्तुत विषयाचे मर्म तीत आहे. आखाड्याची वेळ पहाटेची. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वी घाम गाळून मोकळे होणे हेच शहाणपणाचे. हौद्यातील लाल माती चाळून, तीत तेल, ताक, हळद मिसळून ती मऊ ठेवली जाई. नव्या मुलाला पहिल्या दिवशी डाव शिकविला जात नसे. त्याच्या हाती फावडे दिले जाई. माती उकरणे हाच त्याचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, मुद्गल, करेला, मल्लखांब आणि शेवटी कुस्ती. जोर-बैठकांची संख्या एकदम वाढविली जात नसे. वस्ताद ती दिवसागणिक चढवीत. शरीरावरील भार हळूहळू वाढवत नेण्याचे आधुनिक व्यायामशास्त्रातील तत्त्व ते हेच. शनिवारी मारुतीला नारळ, नागपंचमीस कुस्त्या, गणेशोत्सवात लेझीम व लाठी असे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असे. दोन दिवस जो आला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी चौकशीला जाई, असे जुन्या पिढीतील लोक सांगतात.

म्हणजे स्थान ठरलेले, वेळ ठरलेली, सोबती ठरलेले, शिकविणारा समोर उभा आणि न आल्यास विचारणारे कोणीतरी असे. सकाळी उठून आज व्यायाम करावा की न करावा हा निर्णय त्या मुलाला रोज नव्याने घ्यावा लागत नसे. निश्चयाचे ओझे संस्थेने उचललेले होते.

बल हवे होते ते कशासाठी?

ही व्यायामशाळा काढणाऱ्यांच्या मनात काय होते? त्या काळातील नेत्यांच्या कार्याकडे पाहता बलसंवर्धन, स्वसंरक्षण, शिस्त आणि स्वराज्य हे हेतू वारंवार दिसतात. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले नेत्रवैद्य. त्यांनी नेत्रचिकित्सेवर संस्कृतात ग्रंथ लिहिला. १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला सैनिकी विद्यालय काढताना त्यांच्यासमोर सैनिकी शिक्षणाचे ध्येय होते. १९२५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना करणारे डॉ. केशव बळीराम हेडगेवार हेही वैद्यकीय पदवीधर. शाखेच्या दैनंदिन कार्यक्रमात व्यायाम, खेळ व दंड यांना आरंभापासून स्थान होते. पण तेथेही उद्दिष्ट संघटनेचे होते. आंबेडकरी चळवळीतील समता सैनिक दलाने कवायत व शिस्त स्वीकारली ती आत्मसन्मान आणि संरक्षण यांसाठी. जुलै १९४२ मध्ये नागपुरात झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या वेळी दलाचीही परिषद भरली होती. लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये वर्धा येथे राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तीत स्त्रियांसाठी शारीरिक शिक्षण होते; तेथेही स्वसंरक्षणाचा विचार प्रधान होता. विचारसरणी परस्परविरोधी असल्या, तरी शरीर कशासाठी कमवायचे या प्रश्नाच्या उत्तरात या सर्वांमध्ये आश्चर्यकारक साम्य आढळते.

मुंजे व हेडगेवार यांच्यासारख्या वैद्यकाच्या पदवीधरांनीही व्यायामाची मांडणी रोगप्रतिबंधाच्या भाषेत का केली नाही? याचे उत्तर त्या काळातील मृत्यूच्या स्वरूपात आहे. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे देशभर पसरला. पटकी, हिवताप, देवी हे नित्याचेच होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात सव्वा कोटीहून अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही खाली होते. जोर-बैठका काढून पटकी टळत नाही, ती स्वच्छ पाण्याने टळते. हृदयविकाराने मरण्याच्या वयापर्यंत पोहोचण्याचे भाग्यच जेथे थोड्यांच्या वाट्याला येत होते, तेथे व्यायामाचा तो उपयोग दिसणार तरी कोणाला?

याला दोन ठळक अपवाद होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो मुख्यतः आरोग्याच्या भूमिकेतून. संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले, स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला आणि १९३८ मध्ये लंडनमध्ये या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रकाशित झाले. आखाडा, वस्ताद, माती यांपैकी काहीही न लागता चटईएवढ्या जागेत होणारा हा व्यायाम घराघरांत गेला. पंतप्रतिनिधींचे काही दावे अतिशयोक्त होते हे मान्य केले, तरी व्यायाम निरोगी राहण्यासाठी करावयाचा असतो हे सामान्य गृहस्थास त्यांनी सांगितले. दुसरा अपवाद स्वामी कुवलयानंदांचा. माणिकरावांच्या तालमीत शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण व रक्तदाबमापनाच्या साहाय्याने तपासण्याचा त्यांचा प्रयत्न भारतात त्या काळी अगदी नवा होता. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे हे धैर्य आजही दुर्मिळ आहे.

श्रम आणि व्यायाम

आखाड्याच्या परंपरेचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. आखाडा पुरुषांचा होता, आणि बहुधा तरुणांचा. विवाह झाला, नोकरी लागली की लंगोट खुंटीवर जात असे. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. शेतमजूर, विणकर, १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमधील कामगार यांच्याविषयी एक गृहीत असे, की त्यांना वेगळा व्यायाम हवाच कशाला. त्यांचे काम हाच व्यायाम.

वर्ध्याने या गृहीताला निराळे वळण दिले. १९३६ पासून सेवाग्रामला राहू लागलेल्या गांधीजींनी शरीरश्रम हे सर्वांचे व्रत मानले आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. स्वतः गांधीजी मात्र श्रमाखेरीज रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने फिरावयास जात. चालण्याला ते व्यायामांत श्रेष्ठ स्थान देत. श्रम हाच व्यायाम असे मानणाऱ्या पुरुषानेही फिरण्याची वेळ वेगळी राखली होती, ही गोष्ट सूचक आहे.

अलीकडील संशोधन या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. विरंगुळ्याच्या वेळी केलेल्या हालचालीचे जे लाभ हृदयास होतात, ते कामावरील जड श्रमांतून त्याच प्रमाणात होतात असे दिसत नाही. काही अभ्यासांत तर सातत्याने जड ओझी उचलणाऱ्या, विश्रांती न मिळणाऱ्या पुरुष कामगारांत धोका वाढलेला आढळला. याविषयी मतभेद आहेत. गरिबी, धूम्रपान, अपुरे अन्न यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. तरीही मजुराला व्यायामाची गरज नाही हे जुने गृहीत आता तसेच्या तसे मान्य करता येत नाही. मिहानमधील गोदामात खोकी उचलणारा तरुण आणि त्याच परिसरात संगणकासमोर बसणारा अभियंता यांचे प्रश्न वेगळे असले, तरी मोकळ्या वेळी, मोकळ्या हवेत, आपल्या गतीने केलेली हालचाल दोघांनाही हवी आहे.

नियमितपणाचा शारीरिक अर्थ

व्यायाम आणि रोगप्रतिबंध यांचा संबंध आकड्यांनिशी प्रथम दाखवून दिला तो लंडनच्या बसगाड्यांनी. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुमजली बसचे चालक व वाहक यांची तुलना होती. दोघांचा वर्ग एक, वेतनमान जवळपास सारखे. परंतु चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढून-उतरून. वाहकांत हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी तो तितका घातक नव्हता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या विजारींची मापे तपासून दाखविले की चालकांची कंबर आधीपासूनच रुंद होती, म्हणजे सारा फरक जिन्यांमुळे पडला असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेणारा हा संशोधक २००९ मध्ये, वयाच्या शंभरीत निवर्तला. तोवर पुढील अनेक अभ्यासांनी त्याचा मूळ निष्कर्ष बव्हंशी खरा ठरविला होता.

राल्फ पॅफेनबर्गर यांनी १९७८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे सतरा हजार माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थिदशेत नामांकित खेळाडू असलेल्यांना, पुढे व्यायाम सुटला असल्यास, त्या जुन्या कर्तबगारीचा काहीही लाभ मिळाला नव्हता. उलट विद्यार्थिदशेत न खेळलेले पण पुढे नियमित व्यायाम करू लागलेले लोक अधिक सुरक्षित होते. तारुण्यात लंगोट खुंटीला टांगणाऱ्या आपल्या परंपरेला हा निष्कर्ष किती लागू पडतो हे सांगावयास नको. टिळकांनाही उत्तरायुष्यात मधुमेह होता. त्याचे कारण त्यांच्या व्यायामात वा व्यायामाच्या अभावात शोधणे अशास्त्रीय ठरेल. तुरुंगवास, अतिश्रम, आनुवंशिकता असे कितीतरी घटक असतात. इतकेच म्हणता येते, की विसाव्या वर्षी कमावलेले शरीर पन्नाशीसाठी ठेव म्हणून राहत नाही.

ती का राहत नाही, याचे उत्तर पेशींच्या पातळीवर मिळते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या पेशींच्या आत असलेली शर्करावाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर आत घेतात. व्यायाम संपल्यानंतरही स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. पण हा परिणाम साधारणतः एक ते दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणून दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. आखाड्यातील तिसऱ्या दिवशीची चौकशी आणि स्नायूतील हा दोन दिवसांचा हिशोब यांचा मेळ योगायोगाने बसला आहे, पण बसला आहे खरा. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली असता असे दिसले, की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची शारीरिक क्षमता जितकी घटली, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने घटली होती.

भारतीयांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी त्यात मेदाचे प्रमाण अधिक असू शकते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरभार निर्देशांक एकच, २२.३, पण मेद युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर आपला सहकारी रुग्णालयातील उद्वाहनाचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यापुरताच धावतो, अशी मिस्कील नोंदही तेथे आहे. वजनकाट्यावर विसंबून निश्चिंत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे छायाचित्र जरूर पाहावे.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींपैकी ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांतील ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहारनियमन व नित्य चालण्याविषयी वारंवार भेटून, दूरध्वनी करून मार्गदर्शन केले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिन या औषधाने साधलेला परिणामही जवळपास तेवढाच होता. येथे ‘वारंवार भेटून’ हे शब्द महत्त्वाचे. व्यायाम करा असा सल्ला दोन्ही गटांतील लोकांनी ऐकलेला होता. पुन्हा पुन्हा येऊन विचारणारे कोणी एकाच गटाला लाभले.

वर्धा मार्गावर पुन्हा

१९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी असंसर्गजन्य रोगांमुळे होणारे मृत्यू ३७.९ टक्के होते. २०१६ मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये घालून दिलेली ‘पुरेशी’ची मर्यादा तशी कठीण नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम. जोर-बैठका काढणाऱ्या जुन्या मंडळींनी ती चार दिवसांत ओलांडली असती.

मिहानच्या परिसरात या साऱ्याचे चित्र एकत्र पाहावयास मिळते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची नागपूर येथील भव्य वास्तू याच परिसरात आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचे लोकार्पण झाले. जवळच जामठ्यास कर्करुग्णांसाठी मोठी संस्था आहे, आणि २००८ मध्ये पहिला कसोटी सामना झालेले क्रिकेटचे मैदानही आहे, जेथे हजारो लोक बसून अकरा-अकरा जणांचा व्यायाम पाहतात. २०१९ मध्ये खापरीपर्यंत मेट्रो आली. मेट्रोचा प्रवासी स्थानकापर्यंत व स्थानकापासून काही पावले चालतो, एवढा तिचा व्यायामाशी संबंध. पण मोटारीत बसून दारापर्यंत जाणाऱ्याच्या तुलनेत तोही थोडा नव्हे. माहिती तंत्रज्ञानातील अनेकांचे काम परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार चालते. रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्याला पहाटेचा आखाडा सांगणे निरर्थक आहे, आणि मे महिन्यातील नागपुरी संध्याकाळ सात वाजेपर्यंत भाजत असते. मोठ्या कंपन्यांच्या आवारात अलीकडे व्यायामशाळाही असते. तेथे यंत्रे असतात. पण एखादा तेथे गेला नाही, तर तिसऱ्या दिवशी विचारणारे कोणी नसते.

जमीन दिलेल्या कुटुंबांचा विचार याहून निकडीचा आहे. ज्यांचे वडील दिवसभर शेतात राबले त्यांची मुले आज कोठे सुरक्षारक्षक म्हणून उभी आहेत, कोठे वाहनचालक म्हणून बसून आहेत, कोठे मिळालेल्या मोबदल्यातून घेतलेल्या दुचाकीवरून फिरत आहेत. घरचे अन्न मात्र नांगर धरणाऱ्याच्या भुकेचेच राहिले आहे. गर्भावस्थेत व बालपणी तुटपुंजे पोषण आणि पुढे अचानक आलेली बैठी सुबत्ता हा मधुमेहास अनुकूल योग असल्याचे याज्ञिकांच्या संशोधनातून दिसते. आखाडा ज्यांना आपला वाटला नाही आणि व्यायामशाळेचे शुल्क ज्यांना परवडत नाही, असा हा वर्ग आहे.

आपल्या महाविद्यालयांची स्थिती याहून वेगळी नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. शारीरिक शिक्षण संचालकांचे वर्ष संघनिवड, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि त्यांचे अहवाल यांत जाते. दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांपैकी मैदानावर उतरतात ते शंभर-दीडशे, म्हणजे ज्यांना व्यायामाची गरज सर्वांत कमी असे. अध्यापकवर्गाविषयी न बोललेलेच बरे. प्रस्तुत लेखकही त्यातच मोडतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या अभ्यासक्रमात सहशालेय उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले असून त्यांत क्रीडा, योग व आरोग्य यांचा समावेश आहे. श्रेयांकामुळे हजेरी लागेल, सत्रान्ती गुण मिळतील आणि सत्र संपताच बहुतेकांचा व्यायामही संपेल, ही भीती निराधार नाही. हार्वर्डच्या माजी खेळाडूंचे जे झाले तेच येथेही होईल.

यावर एक उपाय आपल्या हाती आहे. वर्धा मार्गावरील व आसपासच्या महाविद्यालयांची मैदाने सकाळी सहा ते आठ आणि रात्री आठ ते दहा या वेळात, दिवे लावून, शेजारच्या वस्तीतील स्त्री-पुरुषांना व मिहानमधील कर्मचाऱ्यांना खुली करता येतील. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तेथे वस्तादाचे काम करावे, पंचवीस-तीस जणांचा एकेक गट सांभाळावा, आणि वर्षातून दोनदा आपल्या गटाचा रक्तदाब, कंबरेचा घेर व रक्तशर्करा नोंदवावी. आयुर्विज्ञान संस्थेतील सामाजिक वैद्यक विभागाशी या नोंदी जोडता आल्या, तर पाच वर्षांत या परिसराविषयी आज उपलब्ध नसलेली माहिती हाती येईल. खर्च येईल तो दिव्यांचा आणि पहारेकऱ्याचा. अडचण येईल ती फाटक उघडण्याच्या परवानगीची, कारण मैदान खराब होईल, बाहेरची माणसे येतील, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न व्यवस्थापनाच्या बैठकीत निघाल्यावाचून राहणार नाहीत. अमरावतीच्या वैद्य बंधूंसमोर १९१४ मध्ये यांपैकी कोणते प्रश्न होते हे सांगता येत नाही. त्यांनी पहाटे फाटक उघडले आणि आलेल्या मुलाच्या हाती फावडे दिले.